तुम्ही कुठे उभे होतात?

प्रिय चौकशीबाई,

खऱ्या नावानं हाक मारली की दादा रागावलाय असं तुला वाटतं, म्हणून जुन्याच नावानं सुरुवात केली. तुझ्या कचेरीतली ती उंच मुलगी परवा तुझ्या बदलीच्या गावी यायला निघते आहे, तिच्या हाती हे पत्र देणार आहे. रोज संध्याकाळी फोनवर बोलत असताना दादाला पत्राची हुक्की कुठून आली, असं तू म्हणशील. त्याचं असं आहे, की फोनवर मी तुझ्या आवाजाकडे कान लावून बोलतो. तू जरा गप्प झालीस की घाईघाईनं काहीतरी बरं सांगून टाकतो. कागदाचं बरं असतं, त्याला खूश ठेवावं लागत नाही.

आधी किरकोळ बातम्या उरकतो. दुकानातली डोळे तपासायची खुर्ची अखेर दुरुस्त करून घेतली. बाबांच्या वेळेपासून ती कण्हत होती, आता गिऱ्हाईक बसलं तरी चूं करत नाही, त्यामुळे मलाच चुकल्यासारखं होतं. खुर्चीच्या हातांवरचं फाटलेलं कातडं मात्र तसंच ठेवलंय. ते तू दातांनी कुरतडलेलं आहेस, ऐतिहासिक आहे. तुझ्या वहिनीनं शेजारच्या औषधवाल्याशी पुन्हा अबोला धरलाय. या खेपेला कारण काय, ते दोघांनाही नीट सांगता येत नाही, पण दोघंही मागे हटायला तयार नाहीत. मावशी रोज दुपारी लोकर घेऊन हॉस्पिटलात येते आणि आईच्या पायथ्याशी बसून विणते. काय विणते ते विचारू नकोस, तिलाही ते अजून ठरवता आलेलं नाही. आणि आई तशीच आहे. डोळे उघडे असतात. खिडकीकडे वळवून ठेवली की खिडकीकडे, आपल्याकडे वळवली की आपल्याकडे. पण आपल्याकडे म्हणजे आपल्याला बघते असं नव्हे.

गेल्या महिन्यात मी तुला फोनवर सांगितलं होतं, की आईनं माझा हात दाबला. दोनदा. दोनदा म्हणजे काय, हे जगात तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार? आई दिवसभर टेलिफोनच्या बोर्डावर बसून लोकांना जोडून द्यायची आणि घरी यायची ती घसा पार बसवूनच. मग बाजारात, रस्त्यावर, लोकांच्या घरी आपल्याशी ती हातानंच बोलायची. एकदा दाबला की थांब. दोनदा दाबला की चल. तीनदा दाबला की घरी गेल्यावर बघते. तीनचा वापर तुझ्यावर जास्त झाला, हे तू आजही नाकबूल करतेस. तर मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, आई, ऐकू येतंय का गं? आणि तिनं दोनदा दाबला. मी रडतच तुला फोन लावला. तू ‘बरं’ म्हणालीस, आणि मग विचारलंस, की दादा, तू जेवलास का?

तेव्हा मला काही खटकलं नाही. आता खटकतंय. तू मला एकही प्रश्न विचारला नाहीस. माझी बहीण, जिच्यापुढे काही अचाट सांगायचं तर माणूस दोनदा पाणी पितो, तिनं दादाचं म्हणणं तसंच पदरात घेतलं आणि जेवणाची चौकशी केली. याच गोष्टीनं गेले काही दिवस माझी झोप उडवली आहे. म्हणून मग बसून तुझ्याबद्दलच विचार करत राहिलो, आणि सांगायला हरकत नाही, बऱ्याच दिवसांत इतका चांगला वेळ गेला नव्हता.

पहिली आठवली ती मामाची चमच्याची गोष्ट. मामाच्या मित्रानं भर बैठकीत नुसतं टक लावून चमचा वाकवला होता, आणि मामानं तो डोळ्यांनी पाहिला होता. ही गोष्ट आपण किती वेळा ऐकली असेल! दर खेपेला चमचा थोडा जास्त वाकायचा. मोठी माणसं माना डोलवायची, बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. तू तेव्हा फ्रॉकात होतीस, पुढचे दोन दात गायब. तू मामाच्या गुडघ्याला हात लावून विचारलंस, “मामा, तुम्ही कुठे उभे होतात?” मामा म्हणाला, कुठे म्हणजे, तिथेच, समोर. तू म्हणालीस, समोर म्हणजे खिडकीपाशी की दारापाशी? त्याच्या हातात काय होतं, शेजारी कोण होतं, चमचा वाकताना आवाज आला का? तुझ्या विचारण्यात आगाऊपणा नव्हता गं. तुला खरंच ती खोली बघायची होती. मामा आठवायला लागला, आणि आठवता आठवता त्याचा चेहरा असा काही उतरला, की आईनं तुझा हात तीनदा दाबला. चमचा वाकला त्या वेळी मामा स्वयंपाकघरात होता. बर्फ फोडत होता. बैठकीत आरडाओरडा झाला, तो धावत बाहेर आला, तेव्हा चमचा वाकलेलाच होता आणि सगळे एकदम बोलत होते. इतक्या वर्षांत मामा हळूहळू स्वयंपाकघरातून बैठकीत येऊन बसला होता, आणि आपण जागा बदलली हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. क्षणभर तो रागावला, मग पोट धरून हसला आणि तुला चौकशीबाई हे नाव ठेवून मोकळा झाला. मला तेव्हा वाटलं होतं, बरी जिरवलीस. तू मात्र रात्री अंथरुणात मला म्हणालीस, की मामा खोटं बोलत नव्हता, त्याला वाईट वाटलं असेल का रे?

पुढे तू अपघातांची चौकशी करायचं काम घेतलंस तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. पण तू ते कसं करतेस हे मला पुलाच्या भानगडीपर्यंत माहीत नव्हतं. त्या भानगडीत मला स्वतःला भूत व्हावं लागलं, म्हणून ती माझ्या जास्त लक्षात आहे.

नदीवरच्या पुलाला नव्यानं काचेचा कठडा बसला होता. त्यानंतर काही आठवड्यांत लोक कुजबुजायला लागले, की तिन्हीसांजेला पुलाच्या बाहेर, पाण्यावर, अधांतरी एक माणूस चालतो. माझ्या दुकानाच्या बाकावर तर दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे लाल शर्ट, कोणी म्हणे हातात पिशवी. मग एक दिवस बसच्या चालकानं पुलावर करकचून ब्रेक मारला, बस दिव्याच्या खांबावर गेली, चार माणसं खरचटली. चालक सांगायला लागला, की कठड्याबाहेर पाय चालत होते. नुसते पाय. वर माणूस नव्हता. त्याच्या तोंडाला वास नव्हता, तपासणीत काही निघालं नाही, तरी सगळ्यांनी ठरवलं की गडी प्यायलेला होता. त्याला कामावरून काढून घरी बसवला. त्याचे डोळे तपासायला माझ्याकडेच पाठवला होता. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं सरसर वाचली. मला त्याच्या डोळ्यांत काही सापडलं नाही, आणि त्याला वाटलं, म्हणजे आता डोक्यातच असणार.

तुझ्या वरिष्ठांचं म्हणणं काय होतं? मोटारवाले पूर्ण माणूस सांगतात, बसवाला नुसते पाय सांगतो, साक्षी जुळत नाहीत, फाइल बंद करा. मीही तेच म्हणालो असतो. तू मात्र एकेकाला वेगळं बसवलंस. आधी विचारलंस, माझ्याकडे येण्यापूर्वी हे कोणाकोणाला सांगितलंत, कोणाकडून काय ऐकलंत? मग विचारलंस, आधी काय दिसलं, आणि मग ते काय असावं असं वाटलं? ही दोन उत्तरं तू एकत्र होऊ द्यायची नाहीस, दूध आणि पाणी वेगळं ठेवावं तशी. लाल शर्ट सांगणारे सगळे एकाच चहाच्या टपरीवर बसणारे निघाले. जे कोणाशी बोललेच नव्हते त्यांना रंग माहीत नव्हता. लाल शर्ट त्या टपरीवर शिवला गेला होता. एवढं कळल्यावर दुसऱ्या कोणी सगळंच थाप म्हणून फेकून दिलं असतं. तू शर्ट तेवढा फेकलास आणि पाय ठेवलेस. आणि ठरलेला प्रश्न, “तुम्ही कुठे होतात?” उभे नव्हतेच ते, बसलेले होते, म्हणून तू सीटची उंची विचारलीस. मोटारवाले खाली बसतात. बसवाला उंचावर बसतो. खालच्यांना सबंध माणूस दिसत होता, वरच्याला नुसते पाय.

मग एका संध्याकाळी मला दुकान लवकर बंद करायला लावून तू पलीकडच्या फुटपाथवर येरझारा घालायला उभं केलंस. मी म्हणालो, लोक काय म्हणतील? तू म्हणालीस, काही म्हणणार नाहीत, घाबरतील. आधी मोटारीत बसून पाहिलंस. मग बस मागवलीस, चालकाच्या जागेवर बसून पाहिलंस, आणि शेवटी त्या चालकालाच त्याच्या जागेवर बसवलंस. मी खांबाच्या दिव्याखालून चालत होतो आणि माझं प्रतिबिंब समोरच्या काचेतून पलीकडे, काळ्या पाण्यावर चालत होतं. उंचावरून काचेच्या वरच्या कडेनं त्याला कमरेशी कापलं होतं. त्या चालकानं मला पाहिलं, म्हणजे माझे पाय पाहिले, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून ढसाढसा रडला. तू त्याला एवढंच म्हणालीस, की तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर सांगितलंत. जे साक्षीदार जुळत नाहीत म्हणून निकालात निघाले होते, त्यांच्या न जुळण्यातच सगळी खूण होती. मी घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, आपली चौकशीबाई थोर आहे. तुला सांगितलं नव्हतं, आता सांगतोय.

पण मला त्याहून थोर वाटली ती पुढची गोष्ट. ती तू कोणाला सांगत नाहीस, मला चुकून कळली. त्या पुलावर रोज संध्याकाळी एक बाई येऊन बसायच्या. जवळच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं. त्यांचे यजमान त्याच नदीत गेले होते, आणि पाण्यावर चालणारा माणूस म्हणजे तेच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. काचेचा उलगडा झाला त्या दिवशी पुलावर गर्दी जमली, हशा पिकला, पोरं मुद्दाम समोरून उड्या मारायला लागली. तू कागद आवरलेस आणि त्या बाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसलीस. काही समजावलं नाहीस. पुढे कित्येक रविवार तू त्यांच्या दुकानात जाऊन बसत होतीस, बटणं लावून देत होतीस. तुला बटण लावता येत नाही, त्या मागाहून उसवून पुन्हा लावायच्या, हे त्यांनीच मला चष्म्यासाठी आल्या तेव्हा सांगितलं. मी तुला विचारलं, हे तुझ्या कामात येतं का? तू म्हणालीस, “दादा, तिच्या हातात काहीतरी होतं ते मी काढून घेतलं. खोटं असलं तरी तिच्या हातात होतं ना? मग रिकाम्या हाताशी थोडा वेळ बसायला नको?” आणि वर म्हणालीस, की जिथे असं बसायला जमणार नसेल, तिथे प्रश्न विचारायला जाऊ नये. मी मान हलवली. कळलं होतं असं नाही.

आता हॉस्पिटलात येतो. आईनं हात दाबल्याचं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. दुसऱ्याच दिवशी मावशीलाही दोनदा दाब जाणवला. आठवड्यात तुझ्या वहिनीला, मग शेजारच्या पलंगावरच्या आजोबांच्या सुनेला. मला आनंदाचं भरतं आलं, एवढे साक्षीदार! डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाई चांगल्या आहेत, वाऱ्यावर सोडत नाहीत. त्या स्वतः आईचा हात धरून बराच वेळ बसल्या, कानाशी बोलल्या, नजर मागे फिरते का ते बघायला डोळ्यांसमोर आरसा फिरवला. दोन-तीन सकाळी हेच केलं. मग म्हणाल्या, मला मिळालं नाही, पण तुम्हाला मिळालंच नसेल असं मी म्हणत नाही. आणि त्यांनी तो प्रश्न पुढे ठेवला, जो मी तुला फोनवर अर्धाच सांगितला. आईची छाती कफानं पुन्हा भरणार, हे ठरलेलं आहे. तेव्हा गळ्याला भोक पाडून तिला श्वासाच्या मशीनवर ठेवायचं, की नुसता त्रास कमी करून तिला शांत राहू द्यायचं? हे ऐन धावपळीत ठरवू नका, दोघं भावंडं आधीच ठरवून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मते आत आता कोणी नाही. मी ताडकन म्हणालो, मशीन लावायचं, काहीही करायचं, ती मला ‘चल’ म्हणाली आहे. तुला फोनवर मी एवढंच सांगितलं, की डॉक्टर काहीबाही म्हणतात पण मी ठाम आहे. तू पुन्हा ‘बरं’ म्हणालीस.

त्या दुसऱ्या ‘बरं’नंतर मी माझी साक्ष घ्यायला बसलो. तू घेतली असतीस तशी. तुम्ही कुठे होतात? पलंगाच्या डाव्या बाजूला, स्टुलावर, तिचा हात माझ्या दोन्ही हातांत. आधी काय जाणवलं? तळव्यात ठोके, दोन. मग काय वाटलं? आई. किती घट्ट धरला होता? खूप घट्ट. विचारण्यापूर्वी कधी दाब जाणवला होता का? इथे मी अडलो, कारण विचारण्यापूर्वी मी कधी वाट बघितलीच नव्हती. आणि मावशी? मावशीला मी सांगितल्यावर जाणवलं. वहिनीला मावशीनं सांगितल्यावर. माझी सगळी साक्षीदार मंडळी एकेक करून स्वयंपाकघरातून बैठकीत येऊन बसली होती, आणि दार मीच उघडलं होतं.

तुला माहीत आहे, दुकानात मी अक्षरांचे दोन तक्ते ठेवतो. बाकावर बसलेला माणूस आधीच्याचं वाचन ऐकून शेवटची ओळ पाठ करतो आणि खुर्चीवर बसला की धडाधड म्हणतो. फसवायचं नसतं त्याला, त्याला खरंच दिसल्यासारखं वाटतं. म्हणून नवा माणूस बसला की मी तक्ता बदलतो. इतकी वर्षं लोकांचे तक्ते बदलणाऱ्या मला स्वतःचा तक्ता बदलायचं सुचलं नव्हतं.

तर एका दुपारी आम्ही बसलो. डॉक्टरबाई आल्या, सिस्टर होत्या. मी आईचा हात धरला, तोंड भिंतीकडे केलं आणि कानांत मोठ्यानं गाणी लावली, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. तुझ्या वहिनीनं चिठ्ठ्या केल्या होत्या. एक उचलायची. ‘विचार’ निघाली तर सिस्टरनी आईच्या कानाशी जाऊन म्हणायचं, लेकाचा हात दोनदा दाबा. ‘गप्प’ निघाली तर नुसतं तितकाच वेळ उभं राहायचं. मला दोन ठोके जाणवले की मी मान हलवायची. दुपार सरेपर्यंत हे चाललं. मावशी विणायची थांबली होती. मला दाब जाणवत होते गं, स्पष्ट, अगदी पहिल्या दिवसासारखे. मध्ये एकदा तर इतका छान जाणवला की मी भिंतीकडे बघत हसलो. मी कानातली गाणी काढली. तुझ्या वहिनीनं मोजणीचा कागद माझ्यापुढे धरला. आईला विचारलेलं असताना मी जितक्या वेळा मान हलवली होती, तितक्याच वेळा कोणी काहीही विचारलेलं नसतानाही हलवली होती. ज्या दाबाला मी हसलो, तेव्हा सिस्टर खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मी दुकानात परत आलो. गिऱ्हाईक नव्हतं. बाबांच्या खुर्चीवर बसलो, डोळे मिटले, खुर्चीचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला, आईचा धरतो तितका घट्ट, आणि म्हणालो, आई, ऐकू येतंय का गं? वाट पाहिली. आणि खुर्चीनं माझा हात दोनदा दाबला. माझ्याच बोटांतली नाडी होती ती, दुसरं काय? मी किती तरी वेळ तो हात सोडला नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. एक म्हणजे, मी माझी साक्ष मागे घेतोय. आईच्या आत काय आहे हे मला माहीत नाही. चाचणीनं एवढंच दाखवलं, की मी ज्याच्या जोरावर ठाम होतो ते माझं माझ्याशीच बोलणं होतं. ते वगळून जे उरतं ते डॉक्टरबाईंचं म्हणणं, आणि ते मला पटतं. गळ्याला भोक नको, मशीन नको, असं मला वाटतं. पण तू माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः ये, स्वतः विचार, मग दोघं मिळून सांगू. आणि दुसरं तुझ्या त्या ‘बरं’बद्दल. आधी मला वाटलं, तूही आशेला लागलीस. मग वाटलं, तू माझी कीव केलीस. पण शिवणवाल्या बाई आठवल्या आणि कळलं. इतक्या दूर बसून, फोनवरून, दादाच्या हातातलं काढून घ्यायचं आणि मग शेजारी बसायला आपण तिथे नसायचं, हे तुला जमणार नव्हतं. म्हणून तू जन्मात पहिल्यांदा प्रश्न गिळलास आणि जेवलास का विचारलंस. तुझे सगळे प्रश्न मी ऐकलेत, पण तू मला न विचारलेला हा प्रश्न सगळ्यांत मोठा आहे. तर तो मीच विचारून टाकला आहे, बयो. तुझं काम झालंय, उरलेलं तेवढं ये आणि कर. मला काही समजावू नकोस, बटणंही लावू नकोस. मी कुठे असेन म्हणून विचारशील, तर पलंगाच्या डाव्या बाजूला, स्टुलावर. उजवीकडची खुर्ची तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे.

तुझाच,
दादा, अर्थात पुलावरचं भूत